"सरकारी जंगल आहे, कुठेही गाडी घाला" – ग्रँड मेसाचा खुलासा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या ग्रँड मेसा या उंच, सपाट पठाराबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की सरकारी जंगल आहे म्हणजे पब्लिकचं, आणि जिथे बंदीचा बोर्ड नाही तिथे जीप, एटीव्ही (कच्च्या रस्त्यांवरची छोटी चारचाकी) बिनधास्त घाला. तर नाही, उलटं आहे!

म्हणजे बघा, पूर्वी बऱ्याच जंगलांत तसं चालायचं, म्हणूनच लोकांच्या डोक्यात ते बसलंय. पण २००५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे तिथल्या सरकारी वनखात्याचा, नियम आला, आता त्यांच्या नकाशावर जो रस्ता किंवा ट्रेल दाखवलाय तेवढाच मोटारींना खुला, बाकी सगळं बंद समजायचं, बोर्ड असो वा नसो. नकाशा फुकट मिळतो, दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा, तळी आणि झाडी बघायची हौस त्यावर भागणार नाही. पण कुठल्या रस्त्यावर कुठली गाडी चालेल आणि कुठल्या महिन्यांत, ते त्यातच असतं. काही ट्रेल ५० इंचांपर्यंत रुंदीच्या गाड्यांसाठी, काही फक्त मोटरसायकलला. समोर चाकांच्या खुणा दिसतायत म्हणजे रस्ता आहे असं नाही, कोणीतरी आधी चुकलेला असू शकतो ना.

"मग सगळं बंदच केलं की" असंही ऐकू येतं, तेही खोटं. हायवे ६५ थेट माथ्यावरून जातो, ३०० च्या वर तळी आहेत आणि पायी फिरायला या मोटारींच्या नकाशाची अडचण नाही. बर्फातल्या स्नोमोबाइलचे नियम वेगळे, ते या नकाशात शोधू नका.