मारबत आणि बडग्या

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. मुलांचा तान्हा पोळाही याच दिवशी असतो. मारबत ही बाई, बडग्या हा पुरुष. मिरवून झाल्यावर दोघांनाही जाळतात.

प्रथेचे जुने रूप विदर्भातल्या खेड्यांत दिसते. पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत त्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. काय न्यायचे हे आरोळीतच येते: ईडा-पीडा, रोगराई, खासी-खोकला, ढेकूण, मोंगसे. नागपूरकरांनी या यादीत महागाई, भ्रष्टाचार आणि पुढारी घातले. आरोळी मात्र तीच ठेवली, आणि या मिरवणुकीचे खरे बळ त्यातच आहे. रस्त्यावरचा खड्डा आणि घरातला खोकला एकाच दमात हाकलला जातो, त्यामुळे राजकारण कळायला वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही.

मोठ्या मारबती दोन. काळी 1881 पासून निघते असे सांगतात, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे नागपूरच्या भोसले राजघराण्यातील बाकाबाई, असे लोक मानतात. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, बाकाबाईंनी इंग्रजांशी जुळवून घेतले आणि 1854 मध्ये राज्य खालसा झाले. म्हणजे बाकाबाईंवरचा हा राग पुतळ्याच्या रूपात रस्त्यावर आला तो राज्य जाऊन पाव शतक उलटल्यावर. काहीजण काळीला पूतना मानतात. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

पिवळीची गोष्ट निराळी. जागनाथ बुधवारीत तऱ्हाणे तेली समाज ती बसवतो. मिरवणुकीआधी काही दिवस तिचे दर्शन सुरू असते. बाया ओटी भरतात, नवस बोलतात, तान्ह्या लेकराला तिच्या पायावर घालतात. जिला जाळायचे तिचीच आधी पूजा करायची, हे बाहेरच्याला कोड्यात टाकते. पण रोगराई सोबत घेऊन जाणारी म्हणून तिचा मान आहे.

बडग्या दरवर्षी नवा. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. त्यात तणीस नाहीतर रद्दी भरतात, वरून खळीने कागदाचे थर देतात किंवा जुने कपडे चढवतात. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो आणि दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे घाई केली की ओल आत राहते, कागद सुटतो आणि चेहरा लोंबतो. विषय मात्र मुद्दाम उशिरा ठरवतात, कारण महिन्यापूर्वीची बातमी चौकात शिळी वाटते. म्हणून धड आधी करून ठेवणे आणि डोके व पाटी शेवटी लावणे सोयीचे पडते. पाटीवर पाच-सहा शब्द पुरतात. परिच्छेदभर मजकूर लिहिला की पुतळा पुढे सरकतो आणि वाचणारा मागेच राहतो. उंचीचा हव्यासही नडतो, इतवारीच्या गल्ल्यांत वर विजेच्या तारा असतात. चांगला बडग्या वीस हातांवरून, नाव न वाचता ओळखू येतो: गळ्यात कांद्याची माळ आली की महागाई कळली.

बडग्यांच्या पाट्या वर्षावर्षाने लावून पाहिल्या तर शहराच्या तक्रारींची वहीच तयार होते: भाववाढ, दहशतवाद, घोटाळे, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, वेगळा विदर्भ. या वहीला एक मर्यादा आहे. बडग्या एका माणसावर बोट ठेवतो, पण त्याच्यामागची व्यवस्था पुतळ्यात मावत नाही. व्यक्तीवरचा राग जातीवर किंवा धर्मावर घसरला तर मिरवणुकीचा अर्थच बिघडतो. हे भान मंडळांनी ठेवलेच पाहिजे.

काळी आणि पिवळी यांची भेट इतवारीतल्या नेहरू पुतळा चौकात होते. गर्दी सर्वांत दाट तिथेच, म्हणून लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी चौकाच्या अलीकडे एखाद्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरावी. भेटीनंतर मिरवणूक पुढे सरकते आणि पिवळी मारबत नाईक तलावापाशी जाळली जाते.