डिमेन्शिया शुक्रवारी सुरू होत नाही

कॅज्युअल्टीत एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिडच होते. "वय झालंय ना डॉक्टर, डिमेन्शियाच असणार." आमच्यातलाही कुणीतरी केसपेपरवर तेच खरडून मोकळा होतो. कधीपासून, असं विचारावं तर उत्तर येतं, "शुक्रवारपासून."

डिमेन्शिया महिनोन्‌महिने, वर्षंवर्षं घेत येतो, स्मरण आणि समज हळूहळू पोखरत. ते तुम्हाला ठाऊक आहे, पुढे जाऊ. काही तासांत नाहीतर दोन-तीन दिवसांत माणूस बदलला, सकाळी बरा होता आणि संध्याकाळी मुलाला ओळखेना, तर डेलिरियम, म्हणजे दुसऱ्या कशाने तरी मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, धरून चालायचं. जुनी माणसं "वात झाला" म्हणायची, आणि ते ऐकून घरचे निदान घाबरायचे तरी!

बरळणं, भास वगैरे दोन्हींत असू शकतं, त्यावर वेळ घालवू नका. खरी मेख आहे ती लक्षात. म्हणजे स्मरणात नव्हे, अवधानात. मी महिने उलटे म्हणायला सांगते. जानेवारी-फेब्रुवारीची सवय नसेल तर फाल्गुनापासून मागे. डिमेन्शिया नुकता सुरू झालेल्या आजी अडखळतात, चुकतात, पण माघ, पौष करत रेटतात. डेलिरियम झालेल्या आजी "फाल्गुन, माघ..." म्हणतात आणि पडद्याकडे बघत बसतात. आपल्याला काय विचारलं होतं, तेच सुटलेलं असतं. एडिंबरामध्ये तयार झालेल्या 'फोर-एटी' चाचणीतही महिने उलटेच विचारतात. सगळी मिळून दोनेक मिनिटांची चाचणी. ४ किंवा जास्त गुण आले की डेलिरियमचा संशय.

सगळ्यात जास्त निसटतो तो गप्प डेलिरियम. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या, ७९ वर्षांच्या. ताप नाही, तक्रार नाही, पडून होत्या. नोंद होती, "शांत आहेत." हाक मारली की डोळे उघडायच्या आणि वाक्य अर्ध्यावर टाकून पुन्हा मिटायच्या. रक्तातलं सोडियम ११४, म्हणजे फारच खाली! बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, त्यात चार दिवस नुसत्या पेजेवर. सोडियम हळूहळूच वर आणावं लागतं. चौथ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, "गॅस बंद केलास का?"

कारण दर वेळी इतकं ठळक नसतं. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी, ताप न येता झालेला न्यूमोनिया, काहीही. म्हणून 'जरा झोपेचं इंजेक्शन द्या' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. दारू अचानक सुटल्याने झालेला डेलिरियम वेगळा. एरवी त्या इंजेक्शनाने गोंधळ वाढतो. त्यापेक्षा घरून चष्मा, कानाचं मशीन आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवा.

आधीच डिमेन्शिया असलेल्यांना तर डेलिरियम जास्तच लवकर गाठतो. तिथे महिन्यांची परीक्षा फारशी कामाची नाही. मुलगी म्हणाली, "आई विसरते, पण अशी नसते," तर ते वाक्य वेळेसकट केसपेपरवर जसंच्या तसं लिहा.