बोरॉनच्या पांढऱ्या नळ्या: औषध भरण्याआधी नळी मोजायला हवी

इंदूरच्या सराफ्यात सोन्याला डाग देताना सोनार जो सुहागा लावतात, तो म्हणजे टाकणखार, बोरॉनचा क्षार. कॅरमवर भुरभुरायची बोरिक पावडरही याच मूलद्रव्याची. अशा ओळखीच्या बोरॉनला नायट्रोजनची जोड दिली की केसाच्या हजारो पट बारीक नळ्या बनवता येतात. या नळ्या औषध वाहून नेतील आणि रोगाची चाहूलही देतील, अशी संशोधकांना आशा आहे. मला ती खरी वाटते. फक्त क्रम वेगळा असेल: आधी ही नळी शरीराबाहेर, तपासणीच्या काचपट्टीवर कामाला येईल, शरीरात नंतर.

कार्बनच्या नॅनोनळ्या 1991 मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांच्यामुळे गाजल्या. बोरॉन नायट्राइडचीही अशी नळी बनू शकेल, हे 1994 मध्ये अमेरिकेत बर्कलीला गणिताने दाखवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅलेक्स झेटल यांच्या गटाने ती प्रत्यक्ष बनवली. दोन्हींची वीण सारखीच, मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी. फरक इतकाच की इथे एक अणू बोरॉनचा, शेजारचा नायट्रोजनचा.

पण या एका फरकाने सगळं बदलतं. कार्बनच्या जाळीत इलेक्ट्रॉन सर्वांत समान वाटलेले असतात. इथे नायट्रोजन त्यांना आपल्याकडे ओढून धरतो. तिथून इलेक्ट्रॉन मोकळा करायला साधारण 6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाकडे फार तर 3 च्या आसपास असते. म्हणून हा प्रकाश नळीत शोषला जात नाही. कार्बनच्या नळ्यांची भुकटी काळी दिसते, ही पांढरी. वीजही हिच्यातून वाहत नाही. हवेत तापवली तर कार्बनची नळी 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जळू लागते, ही 900 च्या आसपासही टिकते.

तपासणीसाठी हा थंड स्वभाव फार मोलाचा आहे. रक्तातलं एखादं प्रथिन शोधायचं तर त्याला चिकटणारा रेणू घेतात आणि त्याला चमकणारा रंग जोडतात. असा रंग कार्बनच्या नळीला टेकला की त्याची ऊर्जा नळी गिळते आणि चमक विझते. बोरॉन नायट्राइडची नळी ती ऊर्जा घेऊच शकत नाही, त्यामुळे रंग चमकत राहतो. रंगाचे रेणू नळीच्या पोकळीत कोंडले तर ते प्रकाशाने लवकर फिके पडत नाहीत, हेही प्रयोगांत दिसलं आहे. एकेका नळीत असे कितीतरी रेणू मावतात. म्हणजे खूण ठळक आणि टिकाऊ. मला सर्वांत जवळचा उपयोग हाच दिसतो, कारण इथे नळी रुग्णाच्या अंगात जातच नाही.

औषधवहनाचं कारणही तितकंच खरं आहे. आमच्या रामबागेतल्या एका काकूंची केमो चालू आहे. "औषध गाठीसाठी आहे ना, मग केस का जातात?" असं त्या विचारतात. कारण डॉक्सोरुबिसिनसारखं औषध रक्ताबरोबर सगळीकडे पोहोचतं आणि झपाट्याने वाढणाऱ्या केसांच्या मुळांच्या पेशींनाही मारतं. ते नळीला चिकटवून गाठीपर्यंत न्यावं आणि गाठीभोवतीच्या किंचित आम्ल वातावरणात सुटू द्यावं, ही कल्पना. अडचण अशी की उघडी नळी पाण्यात मिसळत नाही, तिचे गुंते होतात. म्हणून तिच्यावर पाण्याशी जुळणाऱ्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) किंवा सिलिकाचा थर चढवावा लागतो.

कधी कधी नळी स्वतःच औषध ठरू शकते. निसर्गातल्या बोरॉनमध्ये सुमारे 20 टक्के अणू बोरॉन-10 या हलक्या प्रकारचे असतात. मंद न्यूट्रॉन गिळला की तो फुटतो, हेलियम आणि लिथियमचे वेगवान कण सुटतात आणि 10 मायक्रोमीटरच्या आत थांबतात. म्हणजे जवळपास एकाच पेशीत. हा उपचार 1936 मध्ये सुचवला गेला होता. जपानने 2020 मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली, पण त्यात वापरतात ते बोरॉन जोडलेलं एक अमिनो आम्ल, नळी नाही.

नळीला अजून परवाना का नाही? 2009 मध्ये बर्कलीच्या गटाला या नळ्यांमुळे मानवी पेशींना इजा दिसली नाही. 2011 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना फुप्फुसाच्या पेशींना आणि बाहेरचे कण गिळणाऱ्या भक्षक पेशींना स्पष्ट इजा दिसली. माझ्या मते यात कुणी खोटं नाही. दोघांच्या नळ्याच वेगळ्या होत्या: लांबी, शुद्धता, वरचा थर, मात्रा, सगळंच. लांब, ताठ तंतू भक्षक पेशीला पुरता गिळता येत नाही, हे अ‍ॅस्बेस्टॉसने आपल्याला शिकवलं आहे. म्हणून "बोरॉन नायट्राइड सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला अर्थ नाही. कोणती नळी, किती लांब, किती शुद्ध, हे आधी कळायला हवं.

लांबी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळते. शुद्धता तपासायचं साधन तर इंदुरातच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून क्ष-किरण मिळवणारं यंत्र आहे आणि तिथे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा मार्ग आहे. बोरॉन 190 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास हे किरण शोषू लागतो. नायट्रोजनशी जोडलेल्या बोरॉनचं तीक्ष्ण शिखर 192 च्या जवळ येतं, तर नमुन्यात बोरॉन ऑक्साइडची भेसळ राहिली असेल तर दुसरं शिखर 194 च्या जवळ उभं राहतं.