छाती उघडी ठेवणे म्हणजे आशा सोडणे नव्हे
नवजात बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर छाती लगेच शिवली नाही, म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, हा समज कोल्हापुरात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हार्ट-लंग मशीनच्या, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या, आधाराने केलेल्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाच्या, जेमतेम अक्रोडाएवढ्या, हृदयाला सूज येते आणि पहिल्या 6 ते 12 तासांत त्याची रक्त ढकलण्याची ताकद अनेकदा आणखी घटते. अशा वेळी छातीचे हाड ओढून बंद केले, तर हृदय दाबले जाऊन रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून जखमेवर निर्जंतुक पातळ पडदा लावतात, बाळाला झोपेच्या औषधांवर आणि व्हेंटिलेटरवर ठेवतात, आणि सूज उतरल्यावर, बहुधा काही दिवसांतच, छाती बंद करतात. जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी असते, त्यामुळे आजीला काचेबाहेर थांबवले जाते.