कपभर पाणी आणि टाकीभर पेट्रोल: हिवाळ्यासाठी बोट उभी करताना

इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, गेलेला तडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो तडा आहे हे लक्षातच आलं नव्हतं. रंगाला केस चिकटलाय असं वाटावं इतकी बारीक रेघ होती. नख फिरवलं तर जेमतेम अडकायचं. बोट हिवाळाभर उभी होती. ऊन तापू लागल्यावर इंजिन लावलं, तर ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि पाचेक मिनिटांनी त्या रेघेतून पाण्याचे मणी झिरपायला लागले. मालकाने पेट्रोलची सगळी काळजी घेतली होती. ब्लॉकचं बूचही उघडलं होतं, त्यातून थोडं पाणी आलं आणि थांबलं. त्याला वाटलं, संपलं. प्रत्यक्षात गंजाच्या खपल्यांनी भोक आतून बुजलं होतं आणि पाणी होतं तिथेच होतं.

जिथे पाणी गोठतं अशा हवेत छोटी मोटरबोट काही महिने उभी करायची, तर दोन द्रवांचा बंदोबस्त करावा लागतो: टाकीतलं पेट्रोल, आणि इंजिन थंड ठेवायला बाहेरून ओढलेलं, आत उरलेलं पाणी. पेट्रोल महिनोन्महिने हळूहळू बिघडतं, आणि बिघडलं तरी बहुतेक वेळा साफसफाईवर भागतं. पाणी एका रात्रीत इंजिन भंगारात काढतं. तरीही चर्चा होते ती पेट्रोलचीच, म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो.

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसतं, मग उलटं फिरतं आणि बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. द्रव पाण्यातले रेणू दाटीवाटीने असतात आणि सारखे शेजारी बदलत असतात. बर्फात मात्र प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक कोनात जखडला जातो आणि मध्ये पोकळ जागा सुटते. उघड्या भांड्यात ही वाढ वरच्या वर निघून जाते. चारी बाजूंनी कोंडलेल्या पाण्याला तशी वाट नसते. तापमान उणे २२ अंशांपर्यंत उतरलं आणि भांडं तरीही फुटलं नाही, तर आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या २००० पटींवर जातो. १७८४-८५च्या हिवाळ्यात क्यूबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी तोफेच्या पोकळ लोखंडी गोळ्यांत पाणी भरलं, बूच ठोकून बसवलं आणि गोळे थंडीत ठेवून दिले. बुचं उडून लांब जाऊन पडली, आणि तोंडातून बर्फाचे दांडके बाहेर आले. जिथे बूच हललं नाही तिथे गोळाच फुटला. कास्ट आयर्न दाबलं तर प्रचंड भार झेलतं, पण ताणलं तर ठिसूळ असतं. आणि आतून रेटा बसणं म्हणजे भिंत ताणली जाणंच.

इंजिनातली पाण्याची वाट तर दोन्हीकडून उघडी असते, मग पाणी कोंडतं कुठे, असा प्रश्न पडेल. अरुंद, उघड्यावरच्या नळ्या आणि बारीक तोंडं आधी गार होतात, म्हणून बर्फाचं बूच तिथे आधी बसतं. मागे उरलेलं पाणी आपोआप बंदिस्त होतं आणि मग सावकाश गोठायला लागतं. म्हणून खोलगट कोपऱ्यातलं कपभर पाणीही पुरतं.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाचं काम त्या मानाने सोपं असतं. ते सरळ उभं ठेवलं की थंड करणारं पाणी आपल्या वजनाने खाली गळून जातं. वर उचलून तिरकं ठेवलं तर मात्र प्रोपेलरच्या मधल्या पोकळीत पावसाचं पाणी साचतं आणि तिथेच गोठतं. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे ब्लॉक, धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, पंप आणि नळ्यांचे सगळे वाकलेले भाग यांतलं पाणी वेगवेगळ्या बुचांतून काढावं लागतं. प्रत्येक भोकात तार घालून खरवडा. पाणी थांबलं म्हणजे संपलं असं धरू नका. तार मोकळी आत गेली तरच मी ते बूच झालं असं समजतो.

पाणी काढून झाल्यावर प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, भरतात. एथिलीन ग्लायकॉलही चालतं, पण ते विषारी आहे आणि हे द्रव शेवटी तळ्यात नाहीतर नदीत जाणार असतं, म्हणून मला पहिलंच योग्य वाटतं. डब्यावरचा आकडा मात्र नीट वाचायला हवा. मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तापमान पुष्कळदा नळी फुटण्याचं असतं, गोठायला लागण्याचं नव्हे. ग्लायकॉल मिसळलेलं पाणी त्याच्या बऱ्याच आधी घट्ट होऊ लागतं, पण ओल्या बर्फाच्या चिखलासारखं मऊ राहतं आणि सरकू शकतं. आत जुनं पाणी उरलं असेल तर मिश्रण पातळ होतं आणि तो आकडा खोटा ठरतो. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, बंद असताना वरून ओतलेलं किंवा पंपाने ओढलेलं अँटिफ्रीझ ब्लॉकपर्यंत पोचतच नाही. बाहेर मात्र रंगीत पाणी दिसतं आणि माणूस समाधानाने घरी जातो. त्यामुळे आधी रिकामं करणं, मग भरणं, हाच क्रम ठेवावा.

प्रोपेलरच्या वरच्या गिअरपेटीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तिचं खालचं बूच सैल करा आणि पहिले काही थेंब पांढऱ्या कापडावर घ्या. तेल सोनेरी किंवा काळपट असेल तर ठीक. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. नुसतं पाणीच आधी आलं तर ते तळाशी साठलं होतं. प्रोपेलरच्या दांड्याभोवती गुंडाळलेला गळाचा दोरा ऑइल सील कापतो, हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे. सील बदला, आणि नवं तेल खालच्या भोकातून वर चढवत भरा. वरच्या भोकातून ते बुडबुड्यांविना येऊ लागलं की आतली हवा निघाली.

आता पेट्रोल. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. चार ते बारा कार्बन अणूंच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. सर्वात हलके रेणू आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला तेच लागतात. मागे उरलेल्यांपैकी दुहेरी बंध असलेल्या रेणूंना हवेतला ऑक्सिजन गाठतो. त्यातून पेरॉक्साइड तयार होतं, ते पुढच्या रेणूला ओढतं, अशी साखळी वाढत जाते आणि शेवटी चिकट, वार्निशसारखा डिंक बसतो. तांब्याचा स्पर्श ही क्रिया वेगवान करतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ज्या जेटमधून येतं, त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. डिंकाचा पातळ थरही त्याला पुरतो. पेट्रोल टिकवण्यासाठी त्यात घालायच्या स्टॅबिलायझरमधली रसायनं ही साखळी मध्येच तोडतात, पण बनलेला डिंक ती परत विरघळवत नाहीत. म्हणून ते ताज्या पेट्रोलमध्ये घालायचं आणि, वर सांगितलेलं पाणी काढण्याआधीच, पाणी जोडून इंजिन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे प्रक्रिया केलेलं पेट्रोल जेटपर्यंत पोचतं. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही नाही. पंपातलं रबरी चक्र पाण्यानेच थंड राहतं आणि कोरडं फिरलं की थोड्याच वेळात फाटतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर आणखी एक पेच येतो. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण १५ अंशांना जेमतेम अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवतं, आणि गार होताना ही क्षमता कमी होते. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. इंजिन जिथून पेट्रोल ओढतं ती नळीही तळाशीच असते. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण, घसरलेला असतो, कारण तो वाढवणारं इथेनॉल खाली गेलेलं असतं. एकदा वेगळं झालेलं पेट्रोल स्टॅबिलायझर ओतून पूर्ववत होत नाही, ते काढूनच टाकावं लागतं.

हे पाणी टाकीतल्या हवेतल्या दमटपणातून येतं, असं जवळजवळ सगळेच सांगतात. हिशोब करून पाहा. १०० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे. २० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे त्या ५० लिटर हवेत एक ग्रॅमही पाणी नाही. दिवसरात्रीच्या १५ अंशांच्या फरकाने टाकी रोज अडीच लिटर हवा आतबाहेर करते. रोज ती सगळी वाफ आत ठिबकली असं धरलं, तरी सहा महिन्यांत सात-आठ ग्रॅम होतात. त्या ५० लिटर पेट्रोलची मर्यादा २५० मिलिलिटरच्या आसपास आहे. टाकीत वाटीभर पाणी सापडलं, तर मी आधी भरण्याच्या झाकणाची रबरी ओ-रिंग पाहतो. ती कडक होऊन चिरली असेल, तर प्रत्येक पाऊस आत उतरतो.

टाकी भरून ठेवण्याचा सल्ला तरीही बरोबर आहे. रिकामी जागा कमी, म्हणजे ऑक्सिजन कमी, हलके रेणू उडायला वावही कमी, आणि लोखंडी टाकी असेल तर गंजही कमी. फक्त काठोकाठ नको. २० अंश तापमान वाढलं की १०० लिटर पेट्रोल जवळपास दोन लिटरने फुगतं आणि व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या वाटेतून, बाहेर येतं. व्हेंट बंद करणं तर धोक्याचंच. सुटी छोटी टाकी असेल तर ती रिकामीच करावी, हे मला बरं वाटतं. हे करताना एक जपायचं: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. तळ हवेशीर केल्याशिवाय बॅटरीच्या तारांना हात लावू नका, एक ठिणगी पुरते.

चार-स्ट्रोक इंजिनाचं तेल हिवाळ्याआधीच बदलावं, नंतर नव्हे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून जाते, पण थंड इंजिनात थोडी पिस्टनच्या कडेने तेलात उतरते आणि ज्वलनातल्या आम्लांना सोबत घेऊन महिनोन्महिने बेअरिंगवर बसून राहते. सिलिंडरमध्ये फॉगिंग तेलाचा फवारा मारला की भिंतींवरचा गंज टळतो.

बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गोठतं, पण उतरलेल्या बॅटरीत ते बहुतांशी पाणीच झालेलं असतं आणि उणे १०च्या आसपासच गोठतं.

शेवटी बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडी उंच करायची आणि मागचं तळाचं बूच काढून टाकायचं, म्हणजे वितळलेला बर्फ आणि पाऊस आत साचत नाही. काढलेलं बूच मी इंजिनाच्या किल्लीलाच दोरीने बांधतो. किल्ली हातात आली की बूचही हातात येतं.