मज्जातंतू तुटला, चट्टा गेला

सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठवणारा आजार. त्याच्या रुग्णाला घरीदारी एकच सल्ला मिळतो: “टेन्शन घेऊ नकोस, जाईल.” ताणाने चट्टे भडकतात हे खरं आहे. पण या सल्ल्यात दोष रुग्णाच्या स्वभावावर ढकलला जातो, आणि तो अन्याय आहे. ताण त्वचेपर्यंत पोहोचायला शरीरात चक्क वाटा आहेत.

निरोगी त्वचेत तळाची पेशी पृष्ठभागावर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये ती तीन-चार दिवसांत वर येते आणि अर्ध्याकच्च्या पेशींचे चंदेरी खवले साचतात. ही घाई रोगप्रतिकारक पेशी लावतात. त्यांना कोण चेतवतं, हा प्रश्न मला सर्वांत विलक्षण वाटतो.

पहिली वाट मज्जातंतूंची. अपघातात किंवा शस्त्रक्रियेत संवेदना नेणारा मज्जातंतू तुटला आणि नेमक्या त्या बधिर भागावरचा चट्टा नाहीसा झाला, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काहींमध्ये संवेदना परतली तसा चट्टाही परतला! स्टॅनफर्डचे त्वचारोगतज्ज्ञ यूजीन फार्बर यांनी १९८०च्या दशकात यावरच बोट ठेवलं: मज्जातंतूंच्या टोकांतून झरणारी ‘सबस्टन्स पी’सारखी रसायनं दाह पेटवत असावीत. २०१४मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांमधले वेदना टिपणारे तंतू निकामी केले, तेव्हा सोरायसिससारखा दाह बराच ओसरला. त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकरी पेशी) या तंतूंना अगदी खेटून असतात. तंतूंच्या इशाऱ्यावर त्या आयएल-२३ हे निरोप देणारं प्रथिन सोडतात, त्याने टी पेशी (आणखी एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) आयएल-१७ हे तसंच दुसरं प्रथिन सोडतात, आणि पुढे दाह भडकतो.

दुसरी वाट संप्रेरकांची. दाहाला आवर घालणारं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल. ‘माझे चट्टे ताणाने वाढतात’ असं सांगणाऱ्या रुग्णांमध्ये ताणाच्या चाचणीनंतर ते कमी आढळल्याचं मँचेस्टरच्या एका अभ्यासात दिसलं. सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, पण दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

चिंता, नैराश्य, भावना शब्दांत मांडता न येणं हे या रुग्णांत अधिक दिसतं. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला? बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसतो, लग्न जुळताना चट्टे लपवावे लागतात. असं वर्षानुवर्षं सोसलेलं मन सावध होणारच. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे अजूनही सांगावं लागतं. तो पापाचं फळ नाही. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्यांच्या बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. त्यांत छुपं स्टेरॉइड असू शकतं. ते अचानक थांबलं की आजार पूभरल्या फोडांच्या धोकादायक रूपात उसळू शकतो.

मनाची काळजी घेणं हा मात्र उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत ध्यानाचे अभ्यासक जॉन कबात-झिन यांनी १९९८मध्ये ३७ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रकाशोपचार सर्वांना मिळत होते. काहींना त्या वेळी ध्यानाच्या सूचनांची टेप ऐकवली. त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर स्वच्छ झाली.