थ्री कार्ड पोकर: आपल्या तीन पत्तीचा चुलतभाऊ

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळलेल्या माणसाला कॅसिनोतलं थ्री कार्ड पोकरचं टेबल ओळखीचं वाटतं. तसं ते वाटायलाच हवं, कारण दोन्हींचं मूळ ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळात मानलं जातं. त्यात तीन पानं आणि पैशाच्या जोरावर समोरच्याला घाबरवायचं. आपण त्याला 'ब्लाइंड', 'चाल', 'पॅक' अशी आपली भाषा दिली.

कॅसिनोतला अवतार मात्र अगदी अलीकडचा. इंग्लंडचा पोकरपटू डेरेक वेब याने तो 1994 च्या सुमारास बेतला. त्याआधी कॅरिबियन स्टड चालायचा, पण पाच पानांचा तो खेळ रेंगाळायचा. वेबने पानं तीनवर आणली आणि एकमेकांविरुद्धची झुंज काढून प्रत्येकाला थेट डीलरसमोर बसवलं. म्हणजे थाप मारायची सोयच उरली नाही. डीलर घाबरत नाही.

वेबने हातांचा क्रमही बदलला. आपल्याकडे ट्रेल (तिन्ही पानं सारखी, जसे तीन राजे) सगळ्यांत वर, त्याखाली प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन पानं). पण 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यांत ट्रेल 52 आणि प्युअर सिक्वेन्स 48. दुर्मीळ हात मोठा म्हटलं तर आपला क्रम चुकतो! थ्री कार्ड पोकरमध्ये प्युअर सिक्वेन्सच वर असते. सिक्वेन्स (ओळीची पण एकाच चिन्हाची नसलेली पानं, 720) कलरच्या (एकाच चिन्हाची पण ओळीत नसलेली, 1,096) वर हे मात्र दोन्हीकडे सारखंच, पाच पानांच्या पोकरच्या उलट.

नियम थोडके. आधी 'अँटी', म्हणजे सुरुवातीची रक्कम, लावायची, पानं बघायची, मग तेवढीच 'प्ले' लावायची किंवा अँटी सोडून पानं टाकायची. डीलरकडे निदान राणी किंवा त्याहून मोठा हात नसेल तर अँटीवर दामदुप्पट मिळते आणि प्ले तशीच परत येते. डावपेच एका ओळीत मावतो: राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून चांगला हात असेल तर खेळा. राणी-छक्की-तिर्री आली तर टाका, राणी-सत्ती-दुर्री आली तर खेळा. एवढं काटेकोर पाळूनही, मोठ्या हातांवर मिळणाऱ्या बोनसच्या नेहमीच्या दराने, शंभराच्या अँटीमागे सरासरी तीन रुपये 37 पैसे घराकडे, म्हणजे कॅसिनोकडे, जातातच.

खरी मेख शेजारच्या 'पेअर प्लस'मध्ये आहे, म्हणजे आपल्याला जोडी किंवा त्याहून मोठा हात येईल यावर लावायच्या वेगळ्या पैजेत. कलरला चारपट देणाऱ्या जुन्या दरपत्रकात घराचा वाटा 2.32 टक्के होता. पुढे बऱ्याच टेबलांवर चारचे तीन झाले, आणि एका आकड्याच्या या फरकाने वाटा 7.28 टक्क्यांवर गेला. टेबलावर छापलेली ही ओळ कोण वाचतो?

वेबने 1999 मध्ये खेळाचे हक्क शफल मास्टर कंपनीला विकले. पुढे हाच माणूस ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांविरुद्ध स्वतःचे पैसे ओतून उभा राहिला. त्या यंत्रांवर एका डावाला 100 पौंडांपर्यंत लावता यायचे. एप्रिल 2019 पासून ती मर्यादा 2 पौंड झाली.